पेटीसमोरची हजेरी

ती हजेरी मला आजही आठवते. नोकरीत मी पोलिसांच्या, कैद्यांच्या, जत्रेत पकडलेल्या पाकीटमारांच्या असंख्य हजेऱ्या घेतल्या. पण नाव पुकारलं, समोर सगळी मुलं उभी होती आणि एकही 'हजर' म्हणालं नाही, अशी हजेरी तेवढी एकच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी उपनिरीक्षक होतो. जिथे हे घडलं त्या गावांची, माणसांची, संस्थेची नावं मी इथे लिहिणार नाही. जी दोन नावं सांगितल्याशिवाय ही हकिकत कळणारच नाही, ती बदलून लिहितो.

होळी होऊन गेली होती. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या अंकुशनगरकडून, तर काही त्याहून लांबून परतू लागल्या होत्या. त्या दिवसांत ठाण्यात तक्रारी वाढतात, कारण सहा महिने बंद असलेली घरं उघडली जातात आणि कुणाचं पत्र्याचं पान, कुणाची शेळी जागेवर नसते. सकाळी नेमणुका वाटून झाल्या की मी चहा घ्यायचो आणि मग तक्रारदार आत यायचे. एका सकाळी ठाणे अंमलदार चहाबरोबरच आत आला.

"साहेब, ती बाई परत आली. पोरगी हरवली म्हणती, अन् पोरगी तर शाळेत बसलेली हाय."

"मग तुम्ही काय केलं?"

"म्या दोनदा समजावून लावलं. तिचा नवरा बी समजावून राह्यला. ऐकत न्हाई."

बाई तिशीची असेल. उन्हाने करपलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. नवरा तिच्यापासून थोडा लांब, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. मी बाईला बोलू दिलं.

"साहेब, माझी सुमी हरवली."

"वसतिगृहात आहे म्हणतात ना?"

"तिथं सुमन हाय. ती माझी सुमी न्हाई."

मुलगी दुसरीत होती. जूनमध्ये तिला एका खासगी संस्थेच्या वसतिगृहात घातलं होतं. शाळाही त्याच संस्थेची, त्याच आवारात. दसऱ्याला तिला भेटून आईबाप तोडीला गेले, ते होळीनंतर परतले आणि थेट मुलीला भेटायला गेले. अधीक्षकाने हाक मारली तशी एक मुलगी आली, 'आई' म्हणाली, पाया पडली. ती आपली नाहीच, असं या बाईचं म्हणणं होतं.

"ओळखीची काही खूण? तीळ, भाजल्याचा डाग?"

"खूण न्हाई साहेब. देवानं दिलीच न्हाई. पर ती पोरगी माझ्या सुमीपेक्षा चार बोटं उंच हाय."

नवरा तिथूनच बोलला, "पोरी वाढत्यात साहेब. सगळ्या पोरींचं टकलं केलंय तिथं, म्हणून वळखू येत न्हाई, इतकंच. ही तोडीवरनं आल्यापासून आसंच करून राह्यली. देवऋष्याकडं नेलं, खर्चा केला, बिलकुल फरक न्हाई."

बाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "लेकराचं तोंड मला काय केसावरून कळतं व्हय?" ती मला म्हणाली.

खोटं बोलणारा माणूस आपली गोष्ट रोज थोडी सुधारून आणतो. भ्रमिष्ट माणूस ती रोज वाढवतो. अंमलदाराच्या म्हणण्याप्रमाणे ही बाई आली की तेवढंच सांगायची, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मला ते बरं वाटलं नाही. मी जीप काढायला सांगितली. आमची जीप दोन शिपायांनी ढकलल्याशिवाय कधी कामावर रुजू होत नसे, तेवढा वेळ गेला आणि बाईला, तिच्या नवऱ्याला घेऊन आम्ही निघालो.

वसतिगृह म्हणजे पत्र्याचं एक लांब दालन. दोन्ही भिंतींना ओळीने मुलांच्या पत्र्याच्या पेट्या मांडलेल्या, प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगात नाव. अधीक्षक पन्नाशीचा, धुतलेल्या कपड्यांतला, मृदू बोलणारा गृहस्थ होता. उवा आणि खरजेची साथ आली म्हणून सगळ्यांचे केस काढले, असं त्याने न विचारता सांगितलं. मी हजेरी घ्यायला लावली. तिथली पद्धत अशी होती की घंटा झाली की प्रत्येक मुलाने आपापल्या पेटीपाशी उभं राहायचं आणि नाव आलं की 'हजर' म्हणायचं. एकसारखे सदरे, एकसारखी तुळतुळीत डोकी. बऱ्याच पेट्यांपाशी कोणीच नव्हतं; ती मुलं होळीला गावी गेलीत, असं अधीक्षक म्हणाला. पत्रा तापला होता, तरी एकही मूल खाजवत नव्हतं की हलत नव्हतं. लहान मुलं इतकी स्तब्ध उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि पाहायची इच्छाही नाही.

"सुमन."

"हजर."

मी तिच्याजवळ गेलो आणि नाव विचारलं. तिने आधी मान वळवून मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुमन." बापाचं नाव विचारलं, बरोबर सांगितलं. गाव बरोबर, भावंडं बरोबर. दारात उभ्या असलेल्या बाईकडे बोट दाखवून "ती कोण?" म्हटल्यावर म्हणाली, "माझी आई." आवाज पाठ केलेल्या कवितेचा. बाई एक पाऊल मागे सरकली.

मग तिने कनवटीला बांधलेला गुळाचा खडा सोडला, पुढे येऊन त्या मुलीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा बाई. तू बी कुणाची तरी हायेस."

मुलीने गूळ तोंडात टाकला नाही. मुठीत धरून ती पेटीपाशी उभी राहिली. परत येताना मी स्टेशन डायरीला काय लिहायचं याचा विचार करत होतो. कागदावर मुलगी हजर, मुलगी स्वतः कबूल, बाप कबूल. बेपत्ता झाल्याची नोंद करायला बेपत्ता कोणीच नव्हतं. छायाचित्र नव्हतं. आजच्यासारख्या रक्ताच्या तपासण्या आमच्या स्वप्नातही नव्हत्या. तरीही त्या मुलीने नाव सांगण्याआधी मागे का पाहिलं, हे माझ्या डोक्यातून जाईना. स्वतःचं नाव सांगायला कुणी मागे वळून पाहत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जालन्याहून एक प्राध्यापक ठाण्यात आले. शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयात ते शैक्षणिक संख्याशास्त्र शिकवायचे. तालुक्याच्या बाजारात त्यांच्या कानावर 'बाईला पोरगी ओळखू येईना' ही चर्चा आली होती. सडपातळ, संकोची माणूस. खुर्चीच्या कडेवर बसले.

"माझ्याकडे तक्रार नाही, साहेब. एक आलेख आहे."

गणिताशी माझं वैर शाळेपासूनचं. तरी मी त्यांना चहा सांगितला.

त्यांच्या छात्राध्यापकांना प्रात्यक्षिक म्हणून शाळांतल्या मुलांची माहिती गोळा करावी लागायची. परीक्षेचे गुण, वजन, उंची. जुलैत एकदा आणि संक्रांतीच्या सुमारास पुन्हा एकदा. मग सरासरी काढायची, तुलना करायची. ज्या शाळा त्यांनी निवडल्या होत्या, त्यांत हे वसतिगृह होतं.

"सरासरी बरोबर आहे," ते म्हणाले. "जुलैपेक्षा जानेवारीत मुलं थोडी वाढली, जितकी वाढायला हवीत तितकीच. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण सरासरीत मूल दिसत नाही, साहेब. म्हणून मी पोरांना प्रत्येक मुलाचा एक ठिपका काढायला लावला."

त्यांनी आलेखाचे दोन कागद माझ्या टेबलावर पसरले. जुलैची उंची आडवी, जानेवारीची उभी, आणि दोन्ही मिळून एका मुलाचा एक ठिपका. पहिला कागद दुसऱ्या कुठल्यातरी शाळेचा होता. ठिपके तिरक्या रेषेत वर चढत गेले होते. जुलैत जो उंच तो जानेवारीतही उंच, जो बुटका तो बुटका. हे मलासुद्धा कळलं. दुसरा कागद वसतिगृहाचा. त्यावर काही ठिपके रेषेत होते, आणि बाकीचे सांडलेल्या ज्वारीसारखे कागदभर पडले होते.

"याला सहसंबंध नसणे म्हणतात. गुणांच्या बाबतीत असं कधी कधी होतं. उंचीच्या बाबतीत होत नाही."

"तुमच्या विद्यार्थ्यांनी घरी बसून आकडे भरले असतील."

"मीही तेच समजलो. फार बोललो त्यांना. मग स्वतः बरोबर गेलो, नाव पुकारून एकेक मूल उभं करून पुन्हा मोजलं. तेच आकडे आले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मोजणी खोटी नाही. साहेब, तिथली काही मुलं बुटकी झाली आहेत."

मी दोन्ही कागद पुन्हा शेजारी ठेवून पाहिले. मी त्यांना सुमनचा ठिपका विचारला. त्यांनी बोट ठेवलं. तो रेषेपासून बराच वर, एकटा होता.

"म्हणजे ही सुमन नाही?"

"एका ठिपक्यावरून मी शपथेवर काही सांगणार नाही. एखादं मूल झपाट्याने वाढतं. पण एकाच दालनातली इतकी मुलं एकाच हिवाळ्यात आखूड होत नाहीत. एक तर ती मुलं तीच नाहीत, किंवा मला संख्याशास्त्र येत नाही."

त्यांना संख्याशास्त्र येत होतं. माझी अडचण वेगळी होती. मुलं बुटकी झाली म्हणून वरिष्ठांकडे तपासाची परवानगी कशी मागायची? मी फोनवर सगळं सांगितलं. साहेबांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "जा. पण पंच घेऊन जा, आणि मुलांवर आवाज चढवू नका." जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक महिला पोलीस मागवली, गावातले दोन बरे पंच घेतले, आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आम्ही वसतिगृहात पोचलो. बाईला आणि तिच्या नवऱ्यालाही बरोबर घेतलं होतं.

अधीक्षकाने हसून स्वागत केलं आणि घंटेच्या दोरीला हात घातला. मी त्याला थांबवलं. पहिल्या भेटीत ती मुलगी मागे वळून कशाकडे पाहत होती, ते आलेख पाहिल्यापासून माझ्या मनात घोळत होतं. मागे फक्त पेटी होती.

"हजेरी बाहेर घेऊ," मी म्हणालो. "लिंबाखाली. आणि मुलांना कुठेही उभं राहू दे."

"पेटीजवळ घ्यायची पद्धत हाय साहेब आपल्याकडं. शिस्त राहती."

"आज राहू द्या."

मुलं लिंबाखाली आली आणि गोळा होऊन उभी राहिली. हजेरीपट अधीक्षकाच्याच हातात दिला. त्याने पहिलं नाव पुकारलं. उत्तर नाही. दुसरं पुकारलं, मग तिसरं. त्याचा आवाज चढत गेला. समोर एवढी मुलं, सगळी बोलणारी, ऐकणारी, आणि लिंबाची पानं गळून पत्र्यावर पडत होती त्याचा आवाज येत होता. मुलं एकमेकांकडे बघत होती. काही दालनाच्या दाराकडे बघत होती, जिथून पेट्या दिसत नव्हत्या. गेल्या खेपेला 'हजर' म्हणणारी मुलगी पुढेच होती. तिचं नाव, म्हणजे सुमन हे नाव, पुकारलं गेलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं:

"साहेब, इथलं नाव सांगू, तिथलं सांगू, का घरचं?"

अधीक्षक हजेरीपट घेऊन ओट्यावर खाली बसला. मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. मी गुडघ्यावर बसून, महिला पोलिसाने कडेवर घेऊन, सगळ्या परीने विचारलं. तिने पुन्हा एकही नाव सांगितलं नाही.

पुढचा तपास अधीक्षकाच्या खोलीत झाला. मी आरोपीशी ओरडून बोलत नाही. माणूस गप्प बसला की मीही गप्प बसतो, आणि बहुतेकांना ते सहन होत नाही. त्यालाही झालं नाही.

संस्थेचं दुसरं वसतिगृह अंबडच्या बाजूला होतं. सरकारी अनुदान दर मुलामागे मिळायचं. दोन्हीकडे मिळून जितकी नावं होती, त्याच्या निम्मीच मुलं होती. तपासणी इकडे असली की तिकडची मुलं टेम्पोत घालून इकडे आणायची, तिकडे असली की इकडची तिकडे. आलेल्या मुलाने रिकाम्या पेटीपाशी उभं राहायचं. पेटीवर जे नाव, ते त्याचं नाव. बापाचं नाव, गाव, भावंडं पाठ करून घ्यायची. चुकलं तर जेवण नाही. दिवाळीनंतर ही ने-आण फार वाढली आणि काही मुलं जिथे पोचली तिथेच राहिली. नेमके त्याच वेळी सगळ्यांचे केस काढले.

"सुमन कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने हजेरीपट मिटून ठेवला. "खरं सांगू का साहेब? मला न्हाई माहीत. ती बाई आली तवा म्या पेटीपाशी गेलो अन् तिथं जी उभी होती ती दाखवली. मला वाटलं तीच आसंल. आता कोण कोणाचं, मला बी न्हाई कळत."

खोटं ऐकण्यात माझं आयुष्य गेलं. हा माणूस त्या क्षणी खरं बोलत होता. तो थापा मारतोय असं समजून मी आलो होतो, त्या वेळी मला एवढी भीती वाटली नव्हती. ज्याच्या भरवशावर आईबाप लेकरं सोडून गेले होते, त्याला पेट्या ओळखू येत होत्या आणि मुलं येत नव्हती. मी खोलीबाहेर येऊन तोंड धुतलं.

बाई ओट्यावर बसली होती. तिने एवढंच विचारलं, "हाय ना ती?"

मी 'आहे' म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही, कारण टेम्पोत, रस्त्यात, तापात एखादं मूल गेलं असतं तरी या लोकांनी त्या पेटीपाशी दुसरं उभं केलं असतं. तो विचार जीपमध्ये आम्हा सगळ्यांच्या मनात होता. महिला पोलिसाला पहिल्या वसतिगृहात मुलांपाशी ठेवलं होतं. नवरा मागे बसला होता. मध्येच तो बायकोला म्हणाला, "माझं चुकलं." ती पुढच्या रस्त्याकडे बघत राहिली.

दुसरं वसतिगृह पहिल्याच्या छापाचं. तोच पत्रा, त्याच पेट्या, तशीच डोकी. आमची जीप पाहून तिथल्या शिपायाने सवयीने घंटा दिली आणि मुलं धावत जाऊन पेट्यांपाशी उभी राहिली. बाई एका टोकापासून चालू लागली. घाई नाही, रडणं नाही. प्रत्येक चेहऱ्यापुढे थांबायची, आणि पुढे जायची. तिची पावलं सोडून दालनात काही ऐकू येत नव्हतं. ओळ संपत आली.

शेवटच्या काही पेट्यांपैकी एकीपाशी ती थांबली आणि खाली बसली.

पेटीवर नाव होतं मंगल. मुलगी किरकोळ, अंगापेक्षा मोठा सदरा घातलेली. नियमाप्रमाणे मला विचारणं भाग होतं.

"नाव काय तुझं?"

तिने मागे पाहिलं. "मंगल."

"सुमे," बाई म्हणाली.

मुलीने आईकडे पाहिलं, पुन्हा पेटीकडे पाहिलं, आणि थोडं मोठ्याने म्हणाली, "मंगल." एका हाताने तिने पेटीची कडी घट्ट धरली होती. ती ओळखत होती. ओळखत होती म्हणूनच कडी सोडत नव्हती.

बाईने वाद घातला नाही. तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, जिथे केस हवे होते तिथून. "बरं. मंगल तर मंगल. चल घरी."

"पेटी घ्यायची का?" मुलीने विचारलं.

"पेटी राहू दे इथंच."

दाराबाहेर उन्हात आल्यावर मुलीने मागे वळून पाहिलं. दालन अंधारं दिसत होतं, पेटी दिसत नव्हती. तेव्हा ती आईच्या कमरेला बिलगली आणि तोंड लपवून रडू लागली. डोकं आईच्या कमरेला लागत होतं; दसऱ्याला लागत होतं त्याहून जरा वर, असं आईने नंतर सांगितलं. बापाने रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ फिरवली.

गुन्हा नोंदला गेला, पंचनामे झाले, पेट्या मुद्देमालात जमा झाल्या. काही मुलांना आपलं गाव सांगता आलं, काहींच्या आईबापांना तोडीवरून बोलावून घ्यावं लागलं. प्राध्यापक पट्टी घेऊन आले आणि त्यांनी सुमनची उंची मोजली. ठिपका रेषेवर बसला. त्यांनी तो दोनदा तपासला, मग पेन्सिल खिशात ठेवली आणि उठून बाहेर गेले. परतले तेव्हा डोळे लाल होते.

या प्रकरणानंतर माझी एक सवय झाली. कुठल्याही साहेबाने, संस्थेने, कार्यालयाने सगळं सुरळीत असल्याचा आकडा पुढे केला की मी तो ऐकून घेतो आणि एक माणूस बोलावून त्याच्याशी बोलतो. सरासरी खोटी नव्हती. हजेरीपट शाईने, नीट अक्षरात भरलेला होता. बापसुद्धा समजूत घालत होता. त्या सगळ्यांच्या विरोधात एका बाईचं एकच वाक्य होतं आणि तिने ते बदललं नाही. पोलिसाने अशा माणसाला तिसऱ्यांदा आत बोलवावं, एवढंच मी नव्या मुलांना सांगत आलो.

पण आठवण संपते ती तिथे नाही. त्याच दिवशी आम्ही सुमनला घेऊन पहिल्या वसतिगृहावर परत आलो, तेव्हा ती दुसरी मुलगी, इतके दिवस सुमन म्हणून उभी राहिलेली, लिंबाखालीच बसली होती. बाकीच्या मुलांनी एव्हाना आपापली नावं महिला पोलिसाला सांगितली होती. हिने नाही. मुठीत काहीतरी होतं. महिला पोलीस म्हणाली, कधीचा गुळाचा खडा आहे, काळा पडलाय, सोडत नाही.

बाईने आपली मुलगी एका हाताशी धरली आणि दुसऱ्या हाताने या मुलीला जवळ ओढलं.

"आता कुणी न्हाई मारत. घरचं नाव सांग, बाई."

मुलीने सवयीने मागे पाहिलं. मागे लिंबाचा बुंधा होता. मग तिने बाईच्या कानाला तोंड लावलं आणि सांगितलं, आणि बाईने मला सांगितलं.

या हकिकतीत मी दोन नावं बदलून लिहिली. ते तिसरं नाव मात्र बदलूनही लिहिणार नाही. त्या मुलीला त्याआधी पुष्कळांनी दुसऱ्याचं नाव दिलं होतं.